जुन्या मीटरची शेवटची नोंद

वीजमीटर ही आपल्या घरातील बहुधा सर्वांत दुर्लक्षित वस्तू. जिन्याखालच्या पेटीत, कोळिष्टकांच्या आड तो वर्षानुवर्षे आपले काम करीत राहतो. महिन्यातून एकदा कोणी तरी येऊन त्याचे छायाचित्र घेऊन जातो आणि आपण पाहतो तो केवळ बिलाचा आकडा. स्मार्ट मीटर बसू लागल्यापासून मात्र प्रवचन संपल्यावर मंदिराच्या ओसरीवरही हाच विषय निघतो. या स्तंभात आपण आजवर मुदतठेवी, नामनिर्देशन, आरोग्यविमा अशा विषयांचा विचार केला. या वेळी वाचकांच्या आग्रहास्तव मीटरच्या पेटीत डोकावू या.

मीटर पळतो, पैसे आधी भरावे लागतात, एके रात्री न सांगता वीज तुटते, घर बंद असल्याचे परक्याला कळते. असे चार-पाच आक्षेप सर्वत्र ऐकू येतात. त्यांतील काही निराधार आहेत, काही साधार आहेत. आणि ज्या दोन गोष्टींची खरी काळजी करावयास हवी, त्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुधारित वितरण क्षेत्र योजना सुरू केली आणि देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रात महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे दिली. आधी पैसे भरा आणि मग वीज वापरा ही कल्पना लोकांच्या पचनी पडली नाही. ठिकठिकाणी मोर्चे निघाले आणि जून २०२४ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत असे जाहीर केले. त्यानंतर घरोघरी येऊ लागलेले मीटर ‘टीओडी मीटर’ या नावाने येतात. त्यांचे बिल पूर्वीप्रमाणे वापरानंतरच येते. नाव बदलले तरी यंत्र स्मार्टच आहे. ते स्वतःहून नोंदी पाठविते आणि दूरवरून बंद-चालू करता येते. प्रीपेड पद्धतीने चालण्याची क्षमताही त्यात असते. आज ती वापरात नाही इतकेच.

‘मीटर मोफत आहे’ या वाक्याविषयी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने दोन शब्द बोललेच पाहिजेत. ग्राहकाकडून मीटरची किंमत वेगळी घेतली जात नाही हे खरे. केंद्राचे अनुदान आपल्यासारख्या राज्याला मीटरच्या खर्चाच्या १५ टक्के, पण कमाल ९०० रुपये इतकेच आहे. उरलेला खर्च कंत्राटदार आधी करतो आणि वीज कंपनी त्याची परतफेड दरमहा हप्त्यांनी करते. वीज कंपनीचा खर्च शेवटी वीज नियामक आयोगापुढे जातो आणि दरात उतरतो. गळती कमी झाली आणि वसुली सुधारली, तर हा खर्च भरून निघेल असे कंपन्यांचे गणित आहे. ते जमले तर उत्तम. पण ज्याचा हप्ता कोणी तरी भरत आहे, त्या वस्तूला हिशेबाच्या वहीत मोफत म्हणत नाहीत.

आता ‘मीटर पळतो’ या तक्रारीकडे येऊ. नव्या मीटराची अचूकता भारतीय मानकांनी ठरवून दिलेली आहे आणि तो मुळातच जास्त मोजण्यासाठी बनविलेला नाही. तरीही अनेक घरांत मीटर बदलल्यावर बिल वाढते हेही खोटे नाही. त्याची कारणे वेगवेगळी असतात. जुन्या चकतीच्या मीटरांना वय झाले की ते मंदावत. मोबाईलचा चार्जर, दूरचित्रवाणीचा सदैव पेटलेला लाल दिवा, जलशुद्धीकरण यंत्र अशा किरकोळ वापराची त्यांना गणतीच नसे. नवा मीटर कणाकणाने मोजतो. दुसरे कारण जुन्या इमारतींतील वायरिंगचे आहे. हे मीटर फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांमधील प्रवाह पाहतात आणि जो अधिक असेल त्यावर मोजणी करतात. वाड्यांत, चाळींत किंवा वाटण्या झालेल्या एकत्र घरांत दोन बिऱ्हाडांची न्यूट्रल तार कधी काळी एकत्र जोडलेली असते. जुना मीटर त्याकडे काणाडोळा करी. नव्या मीटरवर मात्र धाकट्या भावाच्या घरातील वापर थोरल्याच्या बिलात येऊ शकतो. येथे दोष यंत्राचा नसून भिंतीतल्या तारेचा असतो, आणि तो जाणकार वायरमनच दूर करू शकतो.

घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी सांगतो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरातील सर्व उपकरणे बंद करून, शीतकपाटाचा प्लगही काढून, केवळ १०० वॅटचा एक जुना तारेचा दिवा लावावा आणि दहा मिनिटे मोजावे. लाल दिवा सुमारे ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. विजेचा दाब कमी-जास्त असल्याने दोन-चारचा फरक पडेल. सत्तर-ऐंशी आले तर मात्र लेखी तक्रार करावी. मेन स्विच बंद केल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तर प्रथम वायरमनला बोलवावे. नातवंडांना सुटीत हे काम जरूर द्यावे. ती आपल्यापेक्षा मन लावून मोजतात.

पण बिल अचानक वाढण्याचे सर्वांत महत्त्वाचे कारण यंत्रात नसून वहीत असते. ज्या दोन काळज्यांचा मी वर उल्लेख केला, त्यांतील ही पहिली. घर बंद असले, मीटरची काच धुरकटली किंवा छायाचित्र नीट निघाले नाही की वीज कंपनी सरासरीने बिल देते. आपण ते भरतो आणि विसरतो. समजा एका घरात महिन्याला खरोखर ९५ युनिट जळतात, पण चार महिने सरासरी म्हणून ६० युनिटांचेच बिल आले. दरमहा ३५ याप्रमाणे १४० युनिट जुन्या मीटरच्या पोटात साचले. पाचव्या महिन्यात मीटर बदलला, त्याची अंतिम नोंद घेतली गेली आणि हे सारे युनिट एकदम बाहेर आले. त्या महिन्याचा वापर २३५ युनिट दिसू लागला.

आपले घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिले १०० युनिट स्वस्त असतात आणि पुढचा टप्पा बराच महाग असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून पहिल्या टप्प्याचा दर ५ रुपये आणि दुसऱ्याचा १० रुपये धरू. एकाच महिन्यात २३५ युनिट धरले तर वीज आकार १०० गुणिले ५ आणि १३५ गुणिले १०, म्हणजे १८५० रुपये होतो. वास्तविक त्या घराने कोणत्याही महिन्यात शंभरी ओलांडलेली नाही. या महिन्याचे ९५ आणि मागील १४०, असे सर्व युनिट पहिल्याच टप्प्यात बसतात. त्यांचे होतात ११७५ रुपये. फरक ६७५ रुपयांचा. घरातील माणसे म्हणतात, नवा मीटर पळतो. कार्यालय म्हणते, मीटर अचूक आहे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात आणि ६७५ रुपये मधल्या मधे जातात. अशा वेळी ‘मीटर तपासा’ असा अर्ज न करता ‘साचलेले युनिट त्या त्या महिन्यांवर विभागून टप्प्यांचा लाभ द्यावा’ असा अर्ज करावा लागतो. तो करण्यासाठी हाताशी लागते एकच गोष्ट, जुन्या मीटरची शेवटची नोंद.

बँकेत हाताने लिहिलेल्या खतावण्या बंद होऊन संगणक आले, तेव्हाचे दिवस मला स्मरतात. प्रत्येक खात्याची शेवटची शिल्लक जुन्या खतावणीत दोघांच्या सहीने बंद केल्याखेरीज नव्या यंत्रात एकही आकडा चढत नसे. मीटर बदलणे ही अगदी तशीच क्रिया आहे. जुने खाते बंद होते आणि नवे उघडते. फरक इतकाच की येथे दुसरी सही आपली असते आणि ती आपण न वाचता करतो. किंबहुना पुष्कळदा आपण त्या वेळी खालीसुद्धा उतरत नाही. तेव्हा मीटर बदलताना घरातील एका जाणत्या माणसाने हजर राहावे. जुना मीटर काढण्यापूर्वी त्यावरील आकडा आणि मीटर क्रमांक एकत्र दिसतील असे छायाचित्र काढावे, नव्या मीटरचेही तसेच काढावे. बदलीच्या अहवालावर दोन्ही आकडे लिहिलेले आहेत हे पाहूनच सही करावी आणि त्याची प्रत मागून घ्यावी. प्रत नाहीच मिळाली तर अहवालाचे छायाचित्र घ्यावे. पुढील बिलावरील अंतिम नोंद या छायाचित्राशी ताडून पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे. जुना मीटर एकदा भंगारात गेला की त्याची साक्ष काढता येत नाही.

दुसरी काळजी मला आमच्या इमारतीतील एका भगिनींनी नकळत दाखवून दिली. वय पंचाहत्तरच्या पुढे. यजमान जाऊन सहा वर्षे झाली, चिरंजीव परगावी नोकरीस. रोजचे देवदर्शन, सामायिक आणि दुपारचे वाचन यांत त्यांचा दिवस जातो. एकदा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, दुपारी मीटरवाले आले तर मी दार उघडू का? आणि हे मीटर तिकडूनच बंद करतात म्हणे. मग मला कळणार कसे?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. ओळखपत्र पाहिल्याशिवाय दार उघडू नये, शेजारच्या सूनबाईंना हाक मारावी, आणि मीटर खालच्या पेटीत असल्याने त्यांना घरात येण्याचे कारणच नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी मी त्यांचे बिल मागितले. त्यावर नाव यजमानांचे होते. नोंदविलेला भ्रमणध्वनी क्रमांकही त्यांचाच होता, आणि तो बंद होऊनही बरीच वर्षे झाली होती.

त्यांच्या प्रश्नाचे गांभीर्य तेव्हा ध्यानात आले. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. स्मार्ट मीटरने हा नियम बदललेला नाही. पूर्वी मात्र नोटिशीखेरीज आणखी एक नोटीस असे, ती म्हणजे दारात उभा राहिलेला वायरमन. ‘आजी, बिल राहिले आहे’ असे तो म्हणे. आजी डब्यातले पैसे काढून शेजारच्या मुलाला बिल भरण्यास पाठवीत आणि वायरमन शिडी न लावता परत जाई. आता वीज तोडण्यासाठी कोणी दारात येण्याची गरज उरलेली नाही. संदेश मात्र जाणार, आणि तो जाणार एका दिवंगत माणसाच्या बंद पडलेल्या क्रमांकावर.

आपल्या समाजातील किती घरांत वीजजोडणी आजही दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल! फर्मचे नाव बदलताना, भागीदारीपत्र नवे करताना आपण सनदी लेखापालाकडे दहा खेपा घालतो. घरच्या मीटरचे नाव बदलावयाचे राहून जाते. वारसाने मृत्यूचा दाखला, स्वतःचे ओळखपत्र आणि घराच्या हक्काचा पुरावा जोडून अर्ज केला की नाव बदलून मिळते. भावंडांत वाटणी अपुरी असेल आणि नाव बदलणे लांबणार असेल, तर निदान क्रमांक तरी आजच बदलावा. तो ज्येष्ठांच्या घरी राहणाऱ्या माणसाचा किंवा नियमित विचारपूस करणाऱ्या मुलाचा असावा. त्या भगिनींचा क्रमांक आम्ही त्याच आठवड्यात बदलून घेतला. नावाचा अर्ज चिरंजीव दिवाळीला आल्यावर भरला.

याच संदर्भात एक सावधगिरी. ‘आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडली जाईल, ताबडतोब या क्रमांकावर संपर्क साधा’ असे भामट्यांचे संदेश गेली काही वर्षे फिरत आहेत. मीटर दूरवरून बंद होतो हे सर्वांना ठाऊक झाल्याने ही थाप आता अधिक खरी वाटते. वैयक्तिक क्रमांकावरून आलेल्या अशा संदेशाला उत्तर देऊ नये, त्यातील दुवा उघडू नये. ग्राहक क्रमांक पाठ असावा आणि थकबाकी आहे का हे अधिकृत ॲपवर किंवा कार्यालयात पाहावे.

आता थोडे लाभाविषयी. टीओडी म्हणजे वापराच्या वेळेनुसार दर. दिवसा सौरवीज मुबलक असते, म्हणून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील घरगुती वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून पुढे टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत सवलत महावितरणने जुलै २०२५ पासून जाहीर केली. ज्या घरांत चौविहार पाळला जातो, तेथे संध्याकाळचा स्वयंपाक सूर्यास्तापूर्वीच उरकतो. मिक्सर, प्रासुक पाण्यासाठीची शेगडी, इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र ही कामे आपल्याकडे बरीचशी उजेडातच होतात. त्यामुळे सवलतीसाठी दिनक्रम उलटापालटा करण्याची गरज आपल्याला इतरांपेक्षा कमी आहे. तरी अपेक्षा माफक असाव्यात. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या घरातील तिसरा हिस्सा दिवसा जळत असेल, तर ३० युनिटांवर सवलत होते २४ रुपये. चोवीस रुपये सोडू नयेत, पण त्यासाठी सुनेला भर उन्हात इस्त्रीला उभे करण्याचेही कारण नाही. मोठा वापर असलेल्या बंगल्यांना आणि दिवसा घरूनच काम करणाऱ्यांना फायदा अधिक आहे. दर बदलले की हे गणित पुन्हा मांडावे लागेल.

रोजचा वापर ॲपवर दिसतो, ही सोय मला व्यक्तिशः आवडली. भोगोपभोग परिमाण व्रत घेतलेल्या एका स्नेह्यांनी विजेचीही दैनिक मर्यादा आखून घेतली आहे. पूर्वी ती अंदाजाने पाळावी लागे, आता आकडा समोर असतो.

मीटरातील लहरींमुळे प्रकृतीला अपाय होतो ही शंका बाजूला ठेवण्यास हरकत नाही. उशाशी भ्रमणध्वनी घेऊन झोपणाऱ्यांनी जिन्याखालच्या मीटरला भ्यावे असे काही त्यात नाही. खासगीपणाचा प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्याजोगा नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदींवरून घर केव्हा जागे होते, केव्हा झोपते आणि सारे कुटुंब शिखरजीच्या यात्रेला गेल्यामुळे किती दिवस बंद होते, हे सहज वाचता येते. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये याच कारणास्तव स्मार्ट मीटरची सक्ती नाकारली होती. आपल्याकडे वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. माझ्या मते वीज ग्राहकाच्या नोंदी कोण पाहू शकतो आणि किती काळ ठेवतो, हे कंपन्यांनी बिलाच्या मागे साध्या मराठीत छापले पाहिजे. ग्राहक संघटनांनी ही मागणी लावून धरावी.

शंका उरलीच तर तक्रारीचा मार्ग ठाऊक असावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. मीटरची नोंद वापराशी जुळत नाही अशी तक्रार केल्यास वीज कंपनीने पाच दिवसांत दुसरा पडताळणी मीटर जोडून किमान तीन महिने वापर ताडून पाहावयाचा आहे. ही तरतूद फारच थोड्यांना माहीत आहे. अर्जात तिचा स्पष्ट उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. तेथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. तोंडी तक्रारीला कोणत्याही कार्यालयात आयुष्य नसते.

शेवटी मंदिरे, स्थानके आणि उपाश्रय यांच्या विश्वस्तांसाठी. या वास्तूंचा वापर वर्षभर बेताचा असतो आणि पर्युषण किंवा दशलक्षण पर्वात एकदम वाढतो. मंडपाचे दिवे, ध्वनिक्षेपक, पंखे, पाण्याचा पंप एकाच वेळी चालतात. नवा मीटर एकूण युनिटांबरोबर त्या गर्दीच्या वेळची सर्वोच्च मागणीही टिपून ठेवतो. ती मंजूर भारापेक्षा अधिक गेल्यास त्या महिन्याचा आकार प्रत्यक्ष नोंदलेल्या मागणीवर लावता येतो. मात्र जून २०२३ च्या नियमदुरुस्तीप्रमाणे मंजूर भार कायमचा वाढविण्यासाठी एका आर्थिक वर्षात किमान तीन महिने तो ओलांडलेला असावा लागतो. मीटर बसण्यापूर्वीच्या काळासाठी नव्या मीटरवरील मागणीच्या आधारे दंडही लावता येत नाही. पर्व कधी ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरात संपते, म्हणजे दोन महिने तेथेच मोजले जातात. तिसरा महिना महावीर जयंतीचा किंवा एखाद्या पंचकल्याणक महोत्सवाचा होऊ शकतो. मोठ्या कार्यक्रमासाठी तात्पुरती जोडणी वेगळी घेतली तर हा प्रश्न उद्भवत नाही. प्रार्थनास्थळाला महावितरणच्या दरपत्रकात घरगुती वर्गवारी असते, पण भाड्याने दिल्या जाणाऱ्या सभागृहाला व्यावसायिक दर लागतो. म्हणून सभागृहाचा मीटर वेगळा असावा. मंदिराचे बिल अजून कोणा माजी अध्यक्षांच्या क्रमांकावर जात आहे का, हे येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे.